विश्लेषण : अपडेटनंतर वाय-फाय गायब? ड्रायव्हर मागे कसा न्यावा, आणि किती दिवस?

रात्री लॅपटॉप अपडेटला लावून बंद केला आणि सकाळी सुरू केला, तर वाय-फायचा पत्ता नाही. त्याच राउटरवर मोबाइलचे इंटरनेट मात्र सुरळीत. कार्यालयात अशा वेळी आयटी विभाग धावून येतो. घरी ऑनलाइन परीक्षा किंवा मीटिंग अडलेली असताना अनेक जण वैतागून अपडेटच बंद करून टाकतात. हा राग महागात पडू शकतो.

ड्रायव्हर म्हणजे काय?

संगणकातील वाय-फाय कार्ड आणि विंडोज यांच्यातील दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. त्याची नवी आवृत्ती बऱ्याचदा विंडोज अपडेटमधूनच येते. ती तुमच्या कार्डाशी जुळली नाही, तर कार्ड धडधाकट असूनही नेटवर्क दिसत नाही किंवा जोडणी वारंवार तुटते.

दोष ड्रायव्हरचाच कशावरून?

मोबाइललाही इंटरनेट मिळत नसेल, तर राउटर किंवा सेवा पुरवठादाराकडे पाहा. फक्त संगणकच अडला असेल, तर एअरप्लेन मोड चुकून सुरू झालेला नाही ना, ते तपासा आणि संगणक एकदा रीस्टार्ट करा. मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली वाय-फाय कार्डासमोर पिवळा त्रिकोण दिसला, तर संशय बळावतो.

मागे कसे जायचे?

त्याच यादीतील वाय-फाय कार्डावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ड्रायव्हर’ हा टॅब उघडा. तेथील आवृत्ती क्रमांक व तारखेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा, कारण निवडा आणि संगणक रीस्टार्ट करा. यासाठी अॅडमिन खाते लागते.

बटण फिकट दिसत असेल तर?

याचा अर्थ जुना ड्रायव्हर संगणकात साठवलेला नाही. अशा वेळी अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. त्याला वाय-फाय ड्रायव्हर लागत नाही. मग लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलचा आधीचा ड्रायव्हर घ्या. ‘मोफत ड्रायव्हर अपडेटर’ अशा जाहिरातींपासून दूर राहिलेले बरे.

रोल बॅक करूनही फरक नाही?

मग दोष विंडोजच्या अपडेटमध्येच असू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटनंतर काही संगणकांचे वाय-फाय अडले होते. त्याचा फटका मुख्यतः विद्यापीठे आणि कार्यालयांच्या नेटवर्कना बसला. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य करून तेवढाच बदल दूरस्थपणे मागे घेतला. अशा वेळी ‘सेटिंग्ज’मधील ‘अपडेट हिस्टरी’त जाऊन ते अपडेट काढता येते, पण तो शेवटचा उपाय समजावा.

शेवटचा का?

जून २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या वाय-फाय घटकातील एक गंभीर त्रुटी दुरुस्त केली. वाय-फायच्या टप्प्यात असलेला हल्लेखोर, वापरकर्त्याने काहीही क्लिक न करता, संगणकात घातक कोड चालवू शकेल अशी ती त्रुटी होती. ही दुरुस्ती मासिक सुरक्षा अपडेटमधून आली. म्हणजे कार्डाचा ड्रायव्हर मागे नेल्याने ती जात नाही. पण मासिक अपडेटच काढले किंवा कायमचे रोखले, तर अशा दुरुस्त्यांचे कवच उरत नाही.

मग जुन्याच ड्रायव्हरवर राहावे का?

थोडे दिवस. कार्ड बनवणाऱ्या कंपन्याही ड्रायव्हरमधून सुरक्षा दुरुस्त्या देतात. शिवाय विंडोज तोच सदोष ड्रायव्हर पुन्हा टाकू शकते. म्हणून ‘विंडोज अपडेट’मध्ये ‘पॉज अपडेट्स’ वापरून एक आठवड्याची सवड घ्या. ही मुदत पाच आठवड्यांपर्यंत वाढवता येते, पण त्या काळात सुरक्षा अपडेटही थांबतात. दरम्यान कंपनीच्या संकेतस्थळावर फोटोतल्या क्रमांकापेक्षा नवी आवृत्ती आली का पाहा. आली, की ती टाका आणि अपडेट पुन्हा सुरू करा.