मागल्या फाटकाचे कुलूप
मा. मुख्य अग्निशमन अधिकारी, महानगरपालिका, यांसी

आमच्या गृहरचना संस्थेच्या मागील कुंपणास जे लोखंडी फाटक आहे, आणि ज्याच्या एका फळीत पायी ये-जा करणाऱ्यांसाठी दिंडी दरवाजा ठेवलेला आहे, ते व्यवस्थापक समितीच्या ठरावान्वये कुलूपबंद झाले असून, त्यापायी शेजाऱ्याशेजाऱ्यांत माजलेले वितुष्ट निवारणे हे आपले काम नव्हे, हे मी जाणतो. तरी हे पत्र आपणांसच लिहितो, कारण मंजूर नकाशात तो मार्ग आणीबाणीचा म्हणून दाखविलेला आहे.

समितीचा पक्ष अगदीच निराधार नाही. मागल्या वस्तीतील मंडळी बाजाराचा वळसा चुकविण्यासाठी आमच्या आवारातून जात, मध्यंतरी सायकली चोरीस गेल्या, आणि रखवालदार एकटा. उलटपक्षी त्या मंडळींची कैफियत अशी की, ही आमची वहिवाट आहे. सुविधाधिकार अधिनियमात (१८८२) उघड, निर्वेध आणि हक्काने केलेल्या २० वर्षांच्या उपभोगाची जी अट आहे, ती येथे पुरी होते काय, हे दिवाणी न्यायालयाने पाहावे. निव्वळ मुभेने चाललेल्या वाटेस हक्क म्हणणे मलाही जड जाते.

परंतु पादचाऱ्यांचा प्रश्न निराळा आणि आगीच्या बंबाचा निराळा, अशी जी वाटणी उभय पक्षांनी करून टाकली आहे, ती मुळातच चुकीची आहे. दिंडीतून माणसे जात-येत होती तोवर फाटकापुढे वाहन लावण्याची कोणाची छाती नव्हती, आणि बिजागरी कुरकुरली की कोणीतरी तेलासाठी रखवालदाराच्या मागे लागे. आज तेथे स्कूटरी, एक मोडका पलंग आणि तुळशीच्या कुंड्या आहेत. कुलपाच्या भोकात गंज धरला आहे. आणि किल्ली व्यवस्थापकांच्या मेजाच्या खणात असून ते संध्याकाळी घरी जातात. मध्यरात्री जिन्यात धूर कोंडला तर काय, असे मी वार्षिक सभेत विचारले असता, "तशी वेळ आलीच तर कुलूप तोडू," असे उत्तर मिळाले. कशाने तोडणार, हे इतिवृत्तात नोंदलेले नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने ही जबाबदारी मालक व भोगवटादारांवर टाकली असून, दर जानेवारीत व जुलैत नमुना 'ब' मधील दाखला सादर व्हावा लागतो. आमचाही बिनचूक होतो. दाखला देणारे गृहस्थ नळकांडी मोजतात, पाण्याचा दाब पाहतात, चहा घेतात; मागे फिरकत नाहीत.

सबब विनंती अशी की, पूर्वसूचना न देता आपण एक बंब धाडावा, आणि तो अडला तर समितीवर रीतसर नोटीस बजावावी : दिंडी दिवसा उघडी असावी, रात्री आतून किल्लीविना निघेल अशी कडी तिला असावी, आणि मोठ्या फाटकाची किल्ली रखवालदाराच्या कमरेस असावी. नव्या कॅमेऱ्यांसाठी वर्गणी काढणाऱ्या समितीस एका कडीचा खर्च डोईजड होऊ नये.

बंब आलाच तर पुढल्या दारानेही एकदा आत आणून पाहावा. तेथे सभासदांच्या वर्गणीतून एक शोभिवंत कमान उभारली आहे. तिची उंची बंबाशी ताडून पाहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आपला नम्र,
एक सभासद