अपेंडिक्स काढले, पण तपासले का?

आर्वी तालुक्यातल्या रोहण्यासारख्या गावात पोटाच्या उजव्या बाजूला खाली कळ उठली, की घरातले शहाणे माणूस लगेच सांगते, ‘अपेंडिक्स असेल.’ मग आर्वी, नाहीतर वर्धा. ऑपरेशन होते, टाके निघतात, आणि माणूस पुन्हा कपाशीच्या कामाला लागतो. डॉक्टरांनी बाटलीत दाखवलेल्या त्या बोटभर नळीचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

विचारायला हवे. काढलेल्या शंभर अपेंडिक्समध्ये एखाद्यात, किंबहुना त्याहूनही कमी वेळा, गाठ सापडते. ती सहसा डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. ऑपरेशनच्या आधी ही शंका कोणाला आलेली असते, असे क्वचितच घडते.

२०२५ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीने या विषयाकडे लक्ष वेधले. १९४५च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत १९८०च्या आसपास जन्मलेल्यांत अपेंडिक्सच्या कर्करोगाचे प्रमाण तिपटीहून अधिक, आणि १९८५च्या आसपास जन्मलेल्यांत चौपटीहून अधिक आढळले. वाचून घाबरायचे कारण नाही. मुळातला आकडा दहा लाखांत एक-दोन असा असेल, तर तो चौपट होऊनही रोग दुर्मीळच राहतो. शिवाय अमेरिकेचा हिशेब वर्धा जिल्ह्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पण तरुण माणसाला हे होतच नाही, ही समजूत मात्र आता सोडून द्यावी.

या गाठी सगळ्या सारख्या नसतात. एक प्रकार ‘कार्सिनॉइड’चा. तो नळीच्या टोकाशी, एक सेंटिमीटरपेक्षा लहान असला, तर अपेंडिक्स काढले तेव्हाच उपचार बहुधा संपलेला असतो. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ असेल, तर मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढण्याचा सल्ला देतात. दुसरा प्रकार चिकट बुळबुळीत द्राव तयार करणारा. ही गाठ फुटली, की तो द्राव आणि त्यातल्या पेशी पोटभर पसरतात आणि वर्षानुवर्षे जेलीसारख्या साचत जातात. पोट वाढते, पँट कमरेला घट्ट होते, आणि माणूस म्हणतो, ‘गॅस झाला.’ बायकांमध्ये अंडाशयाची गाठ समजून पोट उघडतात, पुरुषांत हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये ती जेली अचानक हाती लागते. ‘रोमन हॉलिडे’ची ऑड्री हेपबर्न सप्टेंबर १९९२मध्ये सोमालियातल्या दुष्काळग्रस्तांना भेटून आली, नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसला तिचे ऑपरेशन झाले आणि २० जानेवारी १९९३ रोजी ती गेली. तिचा रोगही अपेंडिक्सपासूनच सुरू झाला होता.

त्यानंतर उपचार बरेच पुढे गेले. वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर या शल्यविशारदांनी रूढ केलेल्या पद्धतीत पोटाचे अस्तर आणि रोग पसरलेले अवयव काढून टाकतात, आणि मग ४१-४२ अंश सेल्सिअस तापमानाचे केमोचे औषध तास-दीड तास पोटात फिरवतात. त्याला ‘हायपेक’ म्हणतात. हे काम आठ-दहा तासांचे, आणि नंतरचे दिवसही कठीण. पण २०१२ साली सोळा केंद्रांतील २,२९८ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात दहा वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ६३ टक्के होते. आपल्याकडे मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात ही शस्त्रक्रिया होते. अर्थात ती सरसकट सगळ्यांसाठी नाही. रोग किती उग्र आहे आणि सगळा काढता येईल का, यावर ते ठरते.

हल्ली ऑपरेशनऐवजी प्रतिजैविकांवर अपेंडिक्स बसवण्याकडेही कल आहे. साध्या सुजेत ते ठीक असेल. पण अपेंडिक्स फुटून गळू झाले आणि औषधाने बसवले, तर चाळिशीपुढच्या माणसाने नंतर ते काढण्याबद्दल जरूर विचारावे. फिनलंडमधल्या २०१९च्या अभ्यासात अशा ६० जणांपैकी १२ जणांत गाठ निघाली, आणि ते सगळे चाळिशीच्या पुढचे होते.

म्हणजे सगळा प्रश्न येऊन थांबतो तो फॉर्मॅलिनच्या एका लहान बाटलीपाशी. लहान गावांत काही वेळा ती पाठवलीच जात नाही, थोडे पैसे वाचतात म्हणून. पाठवली तर रिपोर्ट आणायला कोणी जात नाही, कारण रुग्ण बरा झालेला असतो. बँकेत एक व्हाउचर जुळले नाही तर आम्ही रात्रीपर्यंत घरी जात नसू. इथे माणसाच्या शरीराचा कागद बेवारस पडून राहतो. रोहणेकरांना त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. सेवाग्रामला १९६९पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला आहे; तुकडा तपासणे हे तिथे रोजचे काम आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण २०२३मध्ये पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. पण निदानाचा कागदच नसेल तर कॅन्सरच्या उपचारासाठी योजनेकडे जायचे तरी कशाच्या आधारावर?

रिपोर्टमध्ये गाठ निघालीच, तर नुसता कागद घेऊन मोठ्या दवाखान्यात जाऊ नये. तपासणीच्या काचा आणि मेणात बसवलेला तुकडा, ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, तोही पॅथॉलॉजीकडून मागून घ्यावा. तिथले डॉक्टर तो पुन्हा स्वतः तपासतात, आणि कधी कधी गाठीचा प्रकार वेगळा ठरतो.