दम्याच्या तपासणीला जाताना

सातवीतली माझी एक विद्यार्थिनी. कापूस घरात आला की तिची गैरहजेरी सुरू होते. भाव वाढेल या आशेने समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, त्यात जुमेरातीचा लोबान, आणि मुलगी रात्रभर खोकते. तिची अम्मी मला म्हणाली, "आपा, पंपाचं नाव नका काढू. एकदा लागला की सुटत नाही म्हणतात. उद्या रिश्ता आला तर काय सांगू?"

शेवटी मीच दोघींना घेऊन यवतमाळ गाठलं. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात छातीच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. जाताना घरातली सगळी औषधं, जुने एक्स-रे आणि पंप असेल तर तोही पिशवीत घ्या. फुंकण्याच्या तपासणीआधी काही तास पंप घेऊ नये असं सांगतात, ते आधी विचारून घ्या. पण धाप लागली तर पंप घ्यायचाच.

सुरुवात प्रश्नांनी होते. रात्री किती वेळा जाग येते? धावताना थांबावं लागतं का? घरात चूल, बिडी, धूळ? आईवडिलांपैकी कुणाला दमा? अम्मी म्हणाली, "रात्री छान झोपते." मुलगी हळूच बोलली, "नाही, मी बसून झोपते." डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. औषध किती द्यायचं हे अशाच उत्तरांवर ठरतं, भगिनींनो. तिथे लाज नको.

मग स्पायरोमेट्री. सुई नाही, दुखत नाही. नाकाला चिमटा लावून पोटभर श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात, शेवटपर्यंत फुंकायचं. असं निदान तीनदा. मग पंपाचं औषध देऊन दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा. दुसऱ्या वेळी आकडे चांगले सुधारले तर दम्याला पुष्टी मिळते. मात्र त्या दिवशी आकडे ठीक आले म्हणजे दमा नाहीच, असंही नसतं.

आता पंपाची भीती. दम्याची सालब्युटामॉलची गोळी कित्येक घरांत बिनदिक्कत चालते. तिच्यात ४ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. हिशेब करा, एका गोळीत ४० फवारे! शिवाय गोळी अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट श्वासनलिकांत जातो. हा झाला लगेच आराम देणारा पंप. दुसरा रोज घ्यायचा, आतली सूज कमी ठेवणारा. बरं वाटलं की लोक नेमका तोच बंद करतात. तो घेतल्यावर चूळ भरायची. पंप स्पेसर लावून कसा ओढायचा, हे डॉक्टरांसमोर मुलीला करून दाखवायला सांगा. अटॅक आला तर काय करायचं, दवाखाना कधी गाठायचा, हे कागदावर लिहून घ्या.

रोज्यांचंही तिथेच विचारा. रोजचा पंप बहुधा दोन वेळचा असतो, तो सहेरी आणि इफ्तारला बसवता येतो. पंपाने रोजा तुटतो का, यावर उलेमांत मतभेद आहेत. पण धाप लागल्यावर वाट पाहायची नाही. आजाऱ्याला नंतर रोजे भरून काढण्याची सवलत कुरआननेच दिली आहे.

यंदा कापूस मागच्या खोलीत गेला, लोबान अंगणात. रिश्त्याचं अम्मी अजून विचारते. मी म्हणते, आधी तिला आठवीत तर जाऊ दे.