चालकाच्या पायाखालची मॅट

भिवंडीहून नदीनाका ओलांडून वाडा रस्त्याला लागले की शेलार येते. यंत्रमागांचे कारखाने, सायझिंग, डाइंग आणि या सगळ्यांसाठी दिवसभर चालणारी सुताची व ताक्यांची ने-आण, हे या गावाचे रोजचे चित्र. टेम्पो तर आहेतच, पण लहान कारखानदाराची घरची गाडीही या कामातून सुटत नाही. सकाळी तिच्यातून मुले शाळेत जातात. दुपारी मागची सीट पाडून सुताचे कोन भरले जातात. संध्याकाळी पाहुण्यांना कल्याण स्टेशनवर सोडायलाही तीच गाडी निघते. अशा गाडीच्या पायाखाली काय अंथरावे, हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याइतका मोठा आहे का, असे काही बांधवांना वाटेल. आमच्या मते तो आहे, कारण यात पैसाही जातो आणि कधी कधी जीवही जातो.

आपल्याकडे मॅट घेण्याची रीत काय? नवी गाडी आली की पेढे वाटून होतात आणि दुसऱ्याच दिवशी गाडी सजावटीच्या दुकानात जाते. सीट कव्हरचा रंग ठरतो, त्याला जुळणारी मॅट दाखवली जाते. "सेठ, आजकाल हाच माल चालतो," असे दुकानदार म्हणतो आणि सौदा पक्का होतो. चालक जिथे पाय ठेवतो त्या जागेकडे ना घेणारा वाकून बघतो, ना विकणारा. खरे तर पाच माणसांच्या गाडीत चार जणांच्या पायाखाली काहीही अंथरले तरी फारसे बिघडत नाही. ज्याच्या पायाशी ब्रेक आहे त्याच्या मॅटची निवड मात्र डोळ्यांत तेल घालून करायला हवी.

मॅटमुळे माणसे मरतात, हे ज्यांना अतिशयोक्तीचे वाटते त्यांनी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण बघावे. २८ ऑगस्ट २००९ रोजी सॅन दिएगोजवळ सँटी येथे एक लेक्सस गाडी अनावर झाली आणि तिच्यातील चौघेही मरण पावले. चालवणारा नवशिका नव्हता. तो तिथल्या महामार्ग पोलिसांतला अनुभवी अधिकारी होता. स्वतःची गाडी दुरुस्तीला दिली म्हणून डीलरने त्याला तात्पुरती दुसरी गाडी दिली होती. तिच्यात त्याच कंपनीच्या पण वेगळ्या, मोठ्या मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती आणि ती खालच्या कड्यांना अडकवलेलीही नव्हती. ॲक्सिलरेटरचे पेडल त्या मॅटच्या कडेत अडकले. गाडी ताशी १६० किलोमीटरच्या पुढे गेली आणि ब्रेक दाबून दाबून जळून गेले. काही दिवस आधी तीच गाडी वापरलेल्या दुसऱ्या ग्राहकाने मॅटमध्ये पेडल अडकल्याची तक्रार केली होती, हे पुढे तपासात निघाले. ती तक्रार कोणी मनावर घेतली नव्हती.

त्यानंतर लेक्सस बनवणाऱ्या टोयोटा कंपनीला सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना सांगावे लागले की चालकाच्या बाजूची मॅट आधी काढून टाका. पुढे पेडल आखूड करून देण्यात आले आणि ब्रेक दाबताच इंजिनाचा जोर आपोआप कमी होईल अशी व्यवस्था गाड्यांत बसवली गेली. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सरकारने कंपनीकडून १२० कोटी डॉलर वसूल केले. त्यामागचे कारण असे की पेडलच्या दोषांबाबत कंपनीने ग्राहकांची दिशाभूल केली होती. एका रबरी चटईच्या मागे लागलेला हा हिशेब आहे.

आता आपल्या गाडीकडे येऊ. कंपनी नवी गाडी देते तेव्हा जमिनीवर चिकटवलेले कार्पेट असते आणि बहुतेक गाड्यांत चालकाच्या बाजूला मॅट अडकवण्यासाठी एक-दोन हूक किंवा बटणे असतात. बाजारातल्या स्वस्त मॅटला त्या जागी भोकच नसते. मग फिटिंग करणारा मुलगा हूक दाबून टाकतो, कधी कापूनही टाकतो, आणि मॅट मोकळी राहते. मोकळी मॅट टाचेच्या प्रत्येक धक्क्याने थोडी थोडी पुढे सरकते. पंधरा दिवसांत तिची कड पेडलखाली पोहोचते आणि रोज बसणाऱ्याला ते कळतही नाही.

याहून वाईट सवय म्हणजे मॅटवर मॅट. खालची महाग आहे, खराब होऊ नये म्हणून वर साधी रबरी टाकायची. त्यावर पावसाळ्यात वर्तमानपत्र आणि कधी त्यावर गोणपाटाचा तुकडा! खालची मॅट हुकात असली तरी वरची घसरतेच, आणि जाडी वाढल्यामुळे क्लच व ब्रेक पूर्ण खाली जात नाहीत. महाग वस्तू झाकून ठेवायची असेल तर ती घेतली कशाला, हा प्रश्न आपल्या घरातल्या सोफ्यालाही लागू आहे, पण सोफ्याला ब्रेक नसतो.

शेलारसारख्या गावात आणखी दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली पायांची. आपण बहुतेक जण चपलेवर गाडी चालवतो. जुम्याला वुजू करून ओल्या पायांनी चपला घालून गाडीत बसतो. ओली चपल गुळगुळीत लेदरेटवर सरकते आणि चपलेची मोकळी टाच मॅटच्या उचललेल्या कडेत अडकते. दुसरी गोष्ट मालाची. ज्या गाडीतून सूत जाते तिच्यात एखादी रिकामी कांडी किंवा कोन सीटखाली राहून जातो. चढ-उतारावर तो गडगडत पुढे येतो आणि नेमका ब्रेकच्या पेडलखाली बसतो. पाण्याची बाटलीही तेच करते. चालकाच्या सीटखालची जागा रिकामी ठेवणे हा मॅट निवडण्याचाच एक भाग समजावा.

मालाच्या प्रकारांविषयी बाजारात बरीच धूळफेक आहे. सध्या ज्यांना थ्रीडी, फाइव्हडी, सेव्हनडी म्हणतात त्या मॅट्स म्हणजे आत फोमचा थर, वर कृत्रिम चामडे आणि त्यावर चौकड्यांची शिलाई. लांबी, रुंदी आणि उंची मिळून मोजमापे तीनच होतात. चौथे ते सातवे कुठून आले, हे विकणाऱ्याला विचारून बघावे. दिसायला या मॅट्स छान असतात, गाडीचा सगळा तळ झाकतात आणि आवाजही थोडा कमी करतात. कोरड्या प्रदेशात, बूट घालून चालवणाऱ्याच्या गाडीत त्या शोभतील. आपल्याकडे मात्र त्यांची एक खोड महाग पडते. शिलाईच्या भोकांतून आणि कडेच्या फटींतून पाणी खाली उतरते, पण वर येऊन वाळत नाही. वरून हात फिरवला तर कोरडे, खाली कार्पेट ओलेचिंब. जून ते सप्टेंबर हे असेच चालले की गाडीत कुबट वास येतो आणि पुढे पत्र्याला गंज लागतो.

व्हॅनवाल्यांना आणखी एक अडचण आहे. मारुतीची ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली तरी जुन्या गाड्या अजून दिसतात आणि २०१० मध्ये आलेली ईको तर मालासाठी सर्रास वापरली जाते. दोन्हींत इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे तळ तापतो. तिथे स्वस्त पीव्हीसी मॅट टाकली की उन्हाळ्यात तिचा वास डोक्यात जातो. पुढच्या सीटखालपर्यंत एकसंध मॅट बसवली असेल तर इंजिन उघडताना मिस्त्री वैतागतो आणि शेवटी ती मॅट फाडतो.

नूडल मॅट, जिला काही जण ग्रास मॅट म्हणतात, ती रस्त्याची माती पोटात घेते आणि वरून गाडी स्वच्छ दिसते. पण कारखान्यातून बुटा-चपलांना चिकटून आलेले रुईचे तंतू तिच्या वेटोळ्यांत असे गुंततात की झटकून निघत नाहीत. कापडी कार्पेट मॅटचेही तसेच, शिवाय ती एकदा भिजली की वाळायला दोन-तीन दिवस घेते. कडा उंच असलेली, गाडीच्या साच्यातच ओतलेली टीपीई मॅट चांगली. ती पाणी धरून ठेवते, खाली जाऊ देत नाही आणि उचलून ओतून टाकता येते. मात्र ती त्याच मॉडेलची हवी. साच्यातली मॅट दुसऱ्या गाडीत टाकली की लेक्ससची कथा सुरू झाली म्हणून समजा.

आमचे मत विचाराल तर साधी, जड, खाचांची रबरी मॅट हीच आपल्या हवामानाची आणि आपल्या धंद्याची मॅट आहे. ती वजनामुळे सपाट बसते, मागच्या अंगणात पाण्याच्या पाइपाने धुता येते, तासाभरात वाळते, आणि डाइंगचा रंग किंवा मागाच्या तेलाचा डाग पडला तरी जीव हळहळत नाही. किंमतही सेव्हनडीच्या मानाने बरीच कमी. रबर घेताना कड वाकवून बघावी. चांगले रबर हात सोडताच पुन्हा सपाट होते. गुंडाळी करून ठेवलेला आणि उघडल्यावर कड वर उचलून राहणारा माल चालकाच्या बाजूला कधीही घालू नये.

बसवल्यावर दुकानातून निघण्याआधी इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा आणि सोडावा. मॅटला कुठेही स्पर्श न होता तो परत आला पाहिजे. क्लच आणि ब्रेकही तसेच दाबून बघावेत. मग टाचेने मॅट जोरात पुढे ढकलावी आणि पुन्हा तेच करावे. दोन मिनिटांचे काम आहे. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तर घालू द्याव्यात.

आणि चालत्या गाडीत पेडल अडकलेच तर? खाली वाकून मॅट ओढायची नाही, नजर रस्त्यावरच ठेवायची. क्लच दाबून गाडी न्यूट्रल करावी. ऑटोमॅटिक असेल तर दांडी एन वर न्यावी. इंजिन ओरडेल, त्याला ओरडू द्यावे. ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबून धरावा. तो सारखा दाबत-सोडत राहिले तर ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. गाडी उभी राहीपर्यंत चावी ओढून काढू नये, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. घरातल्या तरुण मुलांना आणि पगारी ड्रायव्हरला हे एकदा समजावून सांगावे.

विकणाऱ्या बांधवांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. बाजारातल्या एका धान्याच्या ढिगात पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी हात घातला, आतले धान्य ओले निघाले, आणि ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. मॅटच्या धंद्यात वरून कोरडे आणि खालून ओले ही अवस्था शब्दशः येते. अमुक मॅट या गाडीच्या पेडलला लागते, या मॅटखाली पावसात पाणी राहते, हे दुकानदाराला ग्राहकाच्या आधी माहीत असते. ते सांगितल्याने एखादा सौदा जाईल. न सांगता हूक कापून मॅट बसवून दिली तर त्या गाडीतल्या माणसांची जोखीम आपण कोणत्या खात्यात लिहिणार आहोत?

कारागिरांना तर यात उघड काम दिसते. गाडी सजावटीचा तयार माल मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारात नाहीतर दिल्लीत करोल बागेत मिळतो आणि भिवंडीचा दुकानदार तिथून आणून विकतो. पण सीट कव्हर शिवणारे हात आपल्याकडेच आहेत. रबराचा किंवा कार्पेटचा रोल आणून प्रत्येक मॉडेलचा पुठ्ठ्याचा नमुना काढायचा. चालकाच्या बाजूला पेडलांच्या खालची जागा मोकळी सोडायची. हुकाच्या जागी पितळी आयलेट ठोकायचे आणि टाच टेकते तिथे जाड रबराचा तुकडा शिवायचा. तयार संचात या चारही गोष्टी क्वचितच एकत्र मिळतात. नमुन्याच्या पाठीवर गाडीचे नाव आणि साल लिहून तो भिंतीला टांगून ठेवावा. पुढच्या वेळी तीच गाडी आली की कापायचे आणि शिवायचे एवढेच काम उरते, आणि ग्राहक चहा पिऊन होईपर्यंत मॅट तयार असते.