काच त्यांची, दोर आपला; मग भाव कुणाचा?



बांद्रा-कुर्ला संकुलातून किंवा हिंजवडीतून जाताना मान वर करून पाहा. काचेच्या इमारतीवर दोराला लटकलेली माणसं दिसतील. त्यातली काही पोरं आपल्या वस्त्यांमधली आहेत. काम विचारलं की भडाभडा सांगतात. पण या कामाचा भाव कोण ठरवतो, असं विचारलं की गप्प होतात. कारण भाव ठरतो तेव्हा ते तिथे नसतातच.

भाव ठरतो असा. आधी काचेचे चौरस फूट मोजतात. मग इमारतीची उंची पाहतात. पाळणा लागेल की दोर, काच नेहमी धुतली जाते की बांधकामाचं सिमेंट आणि रंगाचे डाग खरवडायचे आहेत, पाणी गच्चीवर मिळेल की नाही, यावर दर वरखाली होतो. मग चार ठेकेदार बोली लावतात आणि सगळ्यात कमी बोलीला काम मिळतं.

आता बोली कमी करायची तर कापायचं कुठे? औषधाचं बिल दुकानदार सोडत नाही. जीएसटी सरकार सोडत नाही. ठेकेदार नफा सोडत नाही. ज्याच्यामागे बिल नाही अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मजुरी. तिथेही भागलं नाही तर सुरक्षा कापतात. दोरावरच्या माणसाला दोन दोर लागतात, एक कामाचा आणि एक जीव वाचवणारा. दोन्ही वेगवेगळ्या जागी बांधलेले असावे लागतात. बोली घसरली की पहिल्यांदा हा दुसरा दोर गायब होतो.

यावर सुशिक्षित मंडळी म्हणतात, 'हा बाजार आहे, परवडत नसेल तर करू नका.' आम्ही विचारतो, ज्याच्याकडे जमीन नाही, भांडवल नाही, ओळखीची नोकरी नाही, त्याच्या 'हो'ला मर्जी म्हणायचं का? 1982 साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या कलम 23 नुसार वेठबिगारीच आहे. गरिबीची सक्ती हीसुद्धा सक्तीच असते.

आपल्याला हे नवीन नाही. काम आपण करायचं आणि मोबदला गावाने ठरवायचा, हीच बलुत्याची रीत होती. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं ते याच गुलामीविरुद्ध. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना 1946 साली किमान वेतनाचं विधेयक आणलं. मजुरीवर बोली लागू नये, हाच किमान वेतनाचा अर्थ आहे.

आणि आता थोडं आपल्याबद्दल. आपल्यातले जे शिकले, फ्लॅटमध्ये गेले, तेही खिडक्या पुसायला आलेल्या पोराशी घासाघीस करतात. सरकता दरवाजा, जाळी, ग्रिल सगळं पुसून घेतात आणि वर म्हणतात, 'एवढ्याशा कामाचे एवढे?' भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि दारात ठेकेदाराची भाषा! हे बंद झालं पाहिजे.

मग करायचं काय? भाव उलट्या बाजूने लावायला शिका. आधी लिहा, काम किती दिवसांचं आणि माणसं किती. दोरावरचा धरा, तसा गच्चीवर दोर सांभाळणारा आणि खाली रस्ता अडवणाराही धरा. त्यांची किमान वेतनाच्या वरची मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, विमा, दोन दोर, पट्टा हे सगळं मांडा. ही बेरीज म्हणजे तळ. नफा त्याच्या वर. घासाघीस करायचीच तर नफ्यावर करा, तळाला हात लावायचा नाही.

एकट्याने हे होणार नाही. एकाने नकार दिला तर ठेकेदार दुसऱ्याला उभं करतो. म्हणून प्रत्येक वस्तीतल्या पोरांनी एकत्र बसून आपला तळ ठरवावा, जमेल तिथे सहकारी संस्था काढून स्वतः बोली लावावी. आमच्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीची वही जशी लिहिली, तशीच ही मजुरीची वहीसुद्धा लिहावी.

जीव आपला टांगणीला असेल, तर भावही आपणच सांगणार.

जय भीम, जय संविधान!