पूजेतले पुस्तक हाती घेऊ या

खंडेनवमीला सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांचा खडखडाट थांबतो. कारखाने झाडून स्वच्छ केले जातात, मागांना हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतो. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला घरोघरी पाटीवर सरस्वती रेखाटली जाते आणि तिच्यासमोर वह्या-पुस्तके मांडली जातात. श्रमाच्या साधनाला आणि ज्ञानाच्या साधनाला सारख्याच श्रद्धेने वंदन करणारी ही आपली परंपरा आहे. परंतु पूजा आटोपली की माग पुन्हा सुरू होतो. पुस्तक मात्र फडताळात परत जाते.

समाजातून वाचन संपले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरातल्या वाचनालयात डोकावले, तर अभ्यासिकेत बसायला जागा नसते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तरुण तेथे रात्री उशिरापर्यंत मान खाली घालून वाचत असतात. त्यांचे कष्ट कौतुकास्पदच आहेत. पण त्याच इमारतीतली कथा-कादंबऱ्यांची, प्रवासवर्णनांची, चरित्रांची कपाटे कित्येक दिवस उघडली जात नाहीत. वाचन उरले आहे ते गुणांसाठी, नोकरीसाठी. परीक्षा संपते त्या दिवशी पुस्तक मिटते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते जन्मभरासाठी मिटते.

याचे खापर दूरदर्शन आणि भ्रमणध्वनीवर फोडणे सोपे आहे, आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. तथापि थोडे आत्मपरीक्षण आपल्यालाही करावे लागेल. मुलाच्या हाती पुस्तक देताना आपण काय सांगतो? ‘वाच, म्हणजे ज्ञान वाढेल, संस्कार होतील, भाषा सुधारेल.’ त्याने पुस्तक मिटताच आपण विचारतो, ‘यातून काय बोध घेतलास?’ औषधाप्रमाणे पाजलेले पुस्तक मूल औषधाप्रमाणेच टाळू लागते. कार्यक्रमस्थळी मांडलेल्या पुस्तकविक्रीत आपण कर्तव्यभावनेने ग्रंथ घेतो. त्यातले किती वेष्टनातून बाहेर पडतात, हे ज्याचे त्याला ठाऊक. आजच्या प्रौढ पिढीला बाबासाहेब पुरंदऱ्यांचे ‘राजा शिवछत्रपती’ कोणी अभ्यासाला लावले नव्हते. भूगोलाच्या पुस्तकाआड लपवून, जेवणाची हाक कानाआड करून तिने ते वाचले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि चिं. वि. जोशींचा चिमणरावही असाच घराघरात शिरला. आधी आनंद झाला. संस्कार त्याच्या पावलांनी मागाहून आले.

वाचनानंद ही फावल्या वेळेची, सुखवस्तूंची चैन आहे, असाही एक समज आहे. तो निराधार आहे. क्यूबातील हवाना शहरात 1865 पासून सिगारच्या कारखान्यांत एक विलक्षण प्रथा सुरू झाली. कामगार तंबाखूची पाने वळत असत आणि उंच आसनावर बसलेला वाचक त्यांना वृत्तपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवीत असे. त्याचे वेतन कामगार स्वतःच्या खिशातून देत. अलेक्झांडर द्यूमाच्या कादंबरीवरून तेथील एका प्रसिद्ध सिगारला ‘मॉन्टे क्रिस्टो’ हे नाव पडले, इतकी ती कथा त्या कष्टकऱ्यांनी आपलीशी केली होती. सोलापुरातही हजारो भगिनी विड्या वळतात, कांड्या भरतात. त्यांचे हात गुंतलेले असतात. कान आणि मन मोकळेच असते.

आणि हे सारे आपल्याला परके थोडेच आहे? नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे. चातुर्मासात एकाने पोथी वाचावी आणि आळीने ऐकावी, ही आपलीच रीत. अंदमानच्या कोठडीत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी बंदिवानांना साक्षर करण्याचा आणि त्यांच्यासाठी ग्रंथालय उभे करण्याचा ध्यास घेतला. कोलू ओढून थकलेल्या त्या बंद्यांना ना परीक्षा द्यायची होती, ना नोकरी मिळवायची होती. भिंतीपलीकडचे जग त्यांना पुस्तकातून दिसत होते, आणि माणूस म्हणून ताठ उभे राहण्यासाठी तेवढे पुरेसे होते.

2015 पासून 15 ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु एका दिवसाच्या सोहळ्याने सवय लागत नाही. ती घरात लागते. म्हणून अपेक्षा मोठ्या नाहीत. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी बाजूला ठेवून घरातल्या कोणीतरी चार पाने मोठ्याने वाचावीत. पुस्तक मुलांनी निवडावे, आणि ‘काय शिकलास?’ हा प्रश्न कोणी विचारू नये. आवडले नाही तर ते अर्ध्यावर सोडण्याची मुभा असावी. ज्यांचे कारखाने आहेत, त्यांनी पाळी बदलताना कामगार जेथे क्षणभर टेकतात तेथे एक फळी पुस्तकांची ठेवावी. सोलापूरच्या घरांत मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही बोलली जाते. त्या फळीवर या भाषांनाही मानाने जागा मिळावी. कार्यकर्त्यांनी वस्तीत जाताना पत्रकासोबत एखादे गोष्टींचे पुस्तकही न्यावे.

राष्ट्राची घडण विचारांनी होते, हे आपण नेहमी सांगतो. पण विचार करणारे मन आधी रमायला शिकते. येत्या विजयादशमीला सरस्वतीपुढे पुस्तक अवश्य मांडावे. मात्र यंत्रमाग जसा दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतो, तसे ते पुस्तकही दुसऱ्या दिवशी उघडले जावे. तिची खरी पूजा तेव्हाच पूर्ण होईल.