चुकीचे वीजबिल आणि आपला हक्क

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील एक मावशी बिल घेऊन आमच्या दारात आल्या. धुणीभांडी करून घर चालवणारी ही बाई. दरमहा साधारण साडेपाचशे येणारे बिल एकदम १७,८४० रुपयांचे आले होते. खिडकीवरच्या बाबूने सांगितले, "आधी भरा, मग बघू." मावशी मंगळसूत्र मोडायच्या विचारात होत्या.

आम्ही स्वतः कारकुनी करतो. कागद पाहण्याची सवय आहे. मीटरपाशी जाऊन बघितले, तर आकडा ३२१२. बिलावर ४२१२! तिनाच्या जागी चार लिहिला, आणि हजार युनिट मावशींच्या डोक्यावर बसले.

"आधी भरा" हे वाक्य ऐकून आपला माणूस घाबरतो, कर्ज काढतो. म्हणून विद्युत अधिनियम २००३ चे कलम ५६ प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरता येते. तेवढी भरली, की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.

मावशींची मागली सहा बिले मिळून ३,३०० रुपये झाली. भागिले सहा, ५५० रुपये. तेवढेच भरले.

काम असे करावे. मीटरचा आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो काढावा. जुनी बिले जोडून साध्या मराठीत अर्ज लिहावा. "ही रक्कम हरकत नोंदवून भरत आहे" हे वाक्य त्यात असावेच. आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्यावा. तोंडी तक्रार हवेत विरते, शिक्क्याची प्रत मात्र बोलते.

तरीही दाद मिळाली नाही, तर कलम ४२ प्रमाणे वीज कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. महाराष्ट्रात तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे जावे. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते. ठरलेल्या दरापेक्षा जास्त आकारणी झाली असेल, तर जादा रक्कम बँक दराने व्याजासह परत मागण्याचा हक्क कलम ६२ देते.

मावशींचे बिल तीन आठवड्यांत दुरुस्त झाले. मंगळसूत्र गळ्यातच राहिले. पण ज्यांनी मुकाट्याने पैसे भरले असतील, त्यांचे काय? आपल्या शेजारी अशी कुणी असेल, तर तिचे बिल एकदा मीटरशी ताडून बघा. अर्ज लिहिता येणाऱ्याने न येणाऱ्याचा अर्ज लिहून द्यावा, एवढीच आमची विनंती.